जन्मानंतरचा पहिला तास: नवजात बाळाच्या काळजीसाठी मिडवाइफने पाळायचे निकष काय आहेत?

भारतात आता बहुतेक बाळं दवाखान्यात जन्माला येतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या ८८.६ टक्के प्रसूती सरकारी किंवा खासगी रुग्णालयांत झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४.७ टक्के आहे. पण याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेल्या बाळांचं प्रमाण देशात फक्त ४१.८ टक्के आहे.

तासाभरात स्तनपान सुरू करायला महागडं मशीन किंवा औषध लागत नाही. बाळाला आईच्या छातीशी ठेवणारं आणि त्या दोघांजवळ थांबणारं प्रशिक्षित माणूस मात्र लागतं. हे काम बहुतेक वेळा डॉक्टर करत नाहीत. ते नर्स किंवा मिडवाइफच्या वाट्याला येतं.

या कामाची वेळ फार महत्त्वाची असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख बाळं जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावली. पाच वर्षांखालील एकूण बालमृत्यूंपैकी हे जवळपास निम्मे आहेत. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात आणि त्यातलाही मोठा हिस्सा पहिल्या २४ तासांत. वेळेआधी जन्म, जन्मताना गुदमरणं आणि जंतुसंसर्ग ही त्यामागची प्रमुख कारणं आहेत.

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २० नवजात बालकांचा मृत्यू होतो. महाराष्ट्रात हा दर ११ आहे. २०३० पर्यंत तो एक आकडी करायचा, असं उद्दिष्ट देशाच्या २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात ठेवलं आहे.

हे उद्दिष्ट गाठायचं तर लेबर रूममध्ये नक्की काय व्हायला हवं? मिडवाइफसाठी कोणते निकष ठरवलेले आहेत? आणि ते प्रत्यक्षात का पाळले जात नाहीत?

मिडवाइफ म्हणजे सुईण का?

नाही. गावातली सुईण किंवा दाई अनुभवातून शिकलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं तिच्याच हातून झाली. पण तिच्याकडे औपचारिक शिक्षण किंवा नोंदणी नसते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'कुशल प्रसूती सेवक' कोणाला म्हणायचं हे स्पष्ट केलं, तेव्हा पारंपरिक दाईंचा, त्यांनी छोटं प्रशिक्षण घेतलेलं असलं तरी, त्यात समावेश केला नाही.

मिडवाइफ ही शिक्षण घेतलेली आणि परवाना असलेली व्यावसायिक असते. गरोदरपण, प्रसूती आणि बाळंतपणानंतरच्या काळात आईची काळजी घेणं, स्वतःच्या जबाबदारीवर प्रसूती करणं आणि नवजात बाळाची काळजी घेणं हे सगळं तिच्या कामात येतं, असं आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाची व्याख्या सांगते. म्हणजे बाळाची जबाबदारी ही तिच्या कामाला जोडलेली जादाची गोष्ट नाही. तो तिच्या कामाचाच भाग आहे.

भारतात हे काम वेगवेगळ्या पदांवरच्या नर्सेस करतात. उपकेंद्रातली एएनएम, जिला गावात 'नर्सबाई' किंवा 'सिस्टर' म्हणतात, तिच्या पदाच्या मराठी नावातच 'प्रसविका' हा शब्द आहे: सहायक परिचारिका प्रसविका. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या परिचारिकेची नोंदणीही नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नात्यांनी होते.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवायफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या आणि एक नवं पद तयार केलं, 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी'. आधीच पात्र असलेल्या नर्सना यासाठी १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण दिलं जातं. गुंतागुंत नसलेली प्रसूती आणि निरोगी नवजात बाळाची काळजी त्यांनी स्वतंत्रपणे सांभाळायची, गुंतागुंत दिसली तर लगेच डॉक्टरांकडे सोपवायचं, अशी ही रचना आहे.

निकष कोण ठरवतं?

यासाठी एकच कायदा किंवा एकच पुस्तक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये रुग्णालयातल्या माता आणि नवजात सेवेच्या गुणवत्तेसाठी आठ मानकं प्रसिद्ध केली. त्यात उपचारांबरोबरच नोंदी, रेफरल, संवाद, सन्मान, भावनिक आधार, कर्मचारी आणि साधनसामग्री यांचाही समावेश आहे. मिडवाइफला कोणती कौशल्यं यायलाच हवीत, त्याची यादी आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाने केली आहे.

भारतात २००९ मध्ये 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू झाला. प्रसूती करणाऱ्या प्रत्येकाला बाळाची प्राथमिक काळजी आणि श्वास सुरू करून देण्याचं तंत्र शिकवणं हा त्याचा गाभा आहे. २०१७ च्या 'लक्ष्य' उपक्रमातून सरकारी लेबर रूमची तपासणी आणि मानांकन सुरू झालं. अभ्यासक्रम आणि नोंदणीची जबाबदारी भारतीय परिचर्या परिषद आणि राज्यांच्या परिषदांकडे राहिली आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर केला.

कागद वेगवेगळे असले, तरी बाळाजवळ उभ्या असलेल्या मिडवाइफने काय करायचं, यावर त्या सगळ्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे.

तयारी बाळ जन्मण्याआधीच

सुमारे १० टक्के बाळांना श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते. त्यातल्या बहुतेकांचं काम साध्या उपायांनी भागतं. छातीवर दाब देणं किंवा औषधं देणं अशी मोठी मदत १ टक्क्याहून कमी बाळांना लागते. पण या दहा टक्क्यांत कोणतं बाळ असेल, हे दर वेळी आधी ओळखता येत नाही.

म्हणून पहिला निकष असा: प्रत्येक प्रसूतीच्या वेळी बाळाला श्वास देता येणारी किमान एक व्यक्ती खोलीत हजर हवी. तिला फोन करून बोलावण्याइतका वेळ मिळत नाही.

लेबर रूमचं तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असावं. पंखा किंवा एसीचा झोत बाळावर येता कामा नये. दोन कोरडी, उबदार फडकी, टोपी, नाळेसाठी क्लॅम्प, निर्जंतुक ब्लेड किंवा कात्री आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ हाताशी असावं. बाळाच्या मापाचा मास्क आणि दाबून हवा देण्याची पिशवी प्रसूतीपूर्वीच तपासून ठेवावी. जिथे प्रसूती होते अशा प्रत्येक सरकारी केंद्रात यासाठी वेगळा 'न्यूबॉर्न केअर कॉर्नर' असणं अपेक्षित आहे.

स्वच्छतेचे पाच नियम एएनएमच्या प्रशिक्षणात वर्षानुवर्षं शिकवले जातात: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, नाळ बांधायला स्वच्छ धागा आणि नाळेचं स्वच्छ, कोरडं टोक. नवजात बाळांना होणारा धनुर्वात एकेकाळी हजारो बाळांचा जीव घ्यायचा. भारताने माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन केल्याचं २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. त्यामागे गरोदर बाईला दिलेली लस आणि हे साधे नियम, दोन्ही होते.

पहिलं मिनिट: पुसा, पाहा, गरज असेल तरच मदत करा

बाळ बाहेर येताच मिडवाइफ त्याला आईच्या पोटावर ठेवते आणि कोरडं पुसते. पुसण्याचे दोन उपयोग होतात. ओलं बाळ झपाट्याने गार पडतं, ते थांबतं. शिवाय पुसण्याच्या स्पर्शाने बाळाला श्वास घ्यायला चालना मिळते. ओलं फडकं लगेच बाजूला टाकून दुसरं कोरडं फडकं घ्यायचं असतं.

याच वेळी ती एकच प्रश्न तपासत असते: बाळ रडतंय का, नीट श्वास घेतंय का?

उत्तर 'हो' असेल तर पुढचा निकष आहे बाळाला विनाकारण हात न लावण्याचा. रडणाऱ्या बाळाच्या नाकातोंडात नळी घालून सक्शन करण्याची गरज नसते. त्याने फायदा होत नाही, इजा मात्र होऊ शकते. सिनेमात दिसतं तसं बाळाला पायाला धरून उलटं लटकवणं, पाठीवर चापट्या मारणं, अंगावर गार पाणी शिंपडणं हे सगळं चुकीचं आहे.

उत्तर 'नाही' असेल तर घड्याळ सुरू होतं. या मिनिटाला प्रशिक्षणात 'सुवर्ण मिनिट' म्हणतात. डोकं किंचित मागे करून श्वासमार्ग मोकळा करणं, गरज असेल तरच तोंड आणि नाक साफ करणं, पाठीवरून हात चोळणं. तरीही श्वास सुरू झाला नाही, तर एका मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने हवा द्यायला सुरुवात व्हायला हवी. वेग मिनिटाला ४० ते ६० श्वासांचा. हवा नीट जातेय की नाही, हे बाळाची छाती वर येते का यावरून कळतं. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी सुरुवातीला खोलीतली साधी हवा पुरते. ऑक्सिजन सिलिंडर शोधण्यात वेळ घालवायचा नसतो.

अनेकांना अपगार स्कोअर माहीत असतो. अमेरिकन डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला गुण देतात. पण मदत सुरू करायची की नाही, हे या गुणांवरून ठरवत नाहीत. पहिला स्कोअर काढेपर्यंत मदतीची वेळ निघून गेलेली असते.

नाळ लगेच का कापायची नाही?

पूर्वी बाळ जन्मलं की लगेच नाळ कापली जायची. आता, बाळ ठीक असेल तर एक ते तीन मिनिटं थांबावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या काळात वारेतलं रक्त नाळेतून बाळाकडे जात राहतं. त्यातून मिळणारं लोह पुढचे काही महिने बाळाला पुरतं आणि रक्तक्षयाचा धोका कमी होतो. बाळ श्वास घेत नसेल आणि त्याला हवा देण्यासाठी हलवावं लागणार असेल, तर मात्र नाळ कापून पुढची मदत सुरू करतात.

कापलेल्या नाळेवर काहीही लावायचं नाही, हा नियम आहे. हळद, राख, तेल, शेण, पावडर यातलं काहीच नको. नाळ उघडी आणि कोरडी राहिली की काही दिवसांत आपोआप गळते.

पहिला तास: बाळ आईपासून दूर नको

पहिल्या तासात बाळाने आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं राहावं. वरून दोघांना मिळून कोरडं पांघरूण आणि बाळाच्या डोक्यावर टोपी. वजन करणं, इंजेक्शन देणं, नातेवाइकांना दाखवणं ही सगळी कामं या तासानंतर करता येतात.

आईच्या अंगाची ऊब बाळाचं तापमान टिकवते. निरोगी बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असतं. थर्मामीटर नसेल तर हाताने अंदाज घेता येतो. बाळाचं पोट गरम आणि तळपाय गार लागत असतील, तर त्याला थंडी बाधू लागली आहे. पोटही गार लागलं तर ते धोक्यात आहे.

छातीवर ठेवलेलं बाळ थोड्या वेळाने स्वतःच तोंड उघडून दूध शोधू लागतं. मिडवाइफचं काम म्हणजे बाळाची पकड नीट बसतेय का हे पाहणं आणि आईला धीर देणं. सुरुवातीचं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. त्यात बाळाला संसर्गापासून वाचवणारे घटक असतात. प्रमाण थोडं असलं तरी पहिल्या दिवशी बाळाचं पोट तेवढ्यावर भरतं. 'दूधच येत नाही' असं म्हणून वरचं दूध सुरू करण्याची घाई सर्वाधिक याच वेळी होते.

मध चाटवणं, गुळाचं पाणी, बाळगुटी, साखरपाणी यातलं काहीही देऊ नये. मधातून लहान बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हा निकष सगळीकडे सारखाच आहे. बाळासाठीच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात आणि रुग्णालयातून होणारा त्यांचा प्रचार यावर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

सिझेरियन झालं तर? आई शुद्धीवर असेल आणि दोघांची तब्येत ठीक असेल, तर तेव्हाही बाळाला छातीशी ठेवता येतं आणि स्तनपान सुरू करता येतं. अशा आईला कुशीवर वळायला आणि बाळाला धरायला मदतीला कुणीतरी लागतं, एवढाच फरक.

पहिला दिवस: तपासणी, इंजेक्शन, लस

तासाभरानंतर बाळाचं वजन होतं आणि डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. टाळू दुभंगलेली आहे का, पाठीच्या कण्यावर फुगवटा आहे का, पाय आत वळलेले आहेत का, गुदद्वार उघडं आहे का, हे पाहायचं असतं. बाळाने पहिल्या २४ तासांत शी आणि ४८ तासांत शू केली की नाही, याची नोंद ठेवायची असते. जन्मजात दोष लवकर ओळखण्यासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची सुरुवात महाराष्ट्रात, पालघरमधून झाली होती.

नवजात बाळाच्या शरीरात 'के' जीवनसत्त्व फार कमी असतं. त्यामुळे मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तो टाळण्यासाठी मांडीत या जीवनसत्त्वाचं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम देतात. जन्माच्या वेळच्या लसी तीन: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. यातली हिपॅटायटिसची लस २४ तासांच्या आत मिळणं महत्त्वाचं असतं, कारण आईकडून बाळाला होणारा संसर्ग त्यामुळे रोखता येतो.

पहिली आंघोळ किमान २४ तास तरी घालायची नाही. जन्मताना अंगावर असलेला पांढरा थर बाळाचं संरक्षण करतो, तो घासून काढायचा नसतो. डोळ्यांत काजळ घालायचं नाही.

प्रसूती सुरळीत झाली तरी आई आणि बाळाने किमान २४ तास रुग्णालयात थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच काळात गुंतागुंत होण्याचा धोका सर्वाधिक असतो.

बाळ कमी वजनाचं असेल तर?

जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेलं बाळ कमी वजनाचं मानतात. असं बाळ झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'काचेत ठेवावं लागेल का?' काही बाळांना खरंच अतिदक्षता विभाग लागतो. पण आता उत्तर थोडं बदललं आहे.

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, इन्क्युबेटर अपुरे पडत असल्याने, लहान बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच 'कांगारू मदर केअर'. पूर्वी बाळ स्थिर झाल्यावर ही पद्धत वापरायचे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत एक मोठा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक किलो ते १.८ किलो वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. आता अशा बाळांना शक्य तितक्या लवकर आणि दिवसातले ८ ते २४ तास छातीशी ठेवावं, असं ती सांगते. आई थकली असेल तर वडील, आजी, मावशी कुणीही हे करू शकतं.

कोणत्या लक्षणांवर बाळाला लगेच पुढे पाठवायचं?

आपल्या आवाक्याबाहेरचं बाळ वेळेत ओळखणं हाही मिडवाइफसाठीचा निकषच आहे. पुढीलपैकी एकही लक्षण दिसलं तर बाळाला थांबवून ठेवायचं नसतं:

- दूध नीट ओढत नाही किंवा ओढायचं थांबलंय
- श्वासाचा वेग मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, छाती खूप आत ओढली जातेय
- झटके येतात
- बाळ मलूल आहे, स्वतःहून हालचाल करत नाही
- ताप ३७.५ अंशांच्या वर किंवा तापमान ३५.५ अंशांच्या खाली
- पहिल्या २४ तासांत कावीळ, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे

अशा बाळासाठी जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू, म्हणजे विशेष नवजात काळजी कक्ष असतो. वाटेत बाळ गार पडू नये म्हणून आईच्या छातीशी धरून नेणं सर्वांत सुरक्षित मानतात. सोबतच्या चिठ्ठीत जन्माची वेळ, वजन, काय झालं आणि काय दिलं, हे लिहिणं बंधनकारक असायला हवं. त्याशिवाय पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

घरी गेल्यावर काळजी कोण घेतं? गडचिरोलीचा धडा

डिस्चार्ज मिळाला म्हणजे धोका संपला, असं होत नाही. हे महाराष्ट्रातल्याच एका कामातून जगासमोर आलं.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांमध्ये नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. तेव्हा तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत. गावातल्याच कमी शिकलेल्या महिलांना बाळ तपासणं, त्याला ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणं शिकवण्यात आलं. सुईणींनाही यात सोबत घेतलं होतं. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला.

याच धर्तीवर २०११ मध्ये देशभर घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी घरी येते. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट त्यात वाढते. आशा ही मिडवाइफ नाही. पण मिडवाइफने सुरू केलेली काळजी घरापर्यंत नेणारा दुवा तीच आहे.

निकष भिंतीवर लावले की पाळले जातात का?

याचं उत्तर शोधणारा एक मोठा अभ्यास उत्तर प्रदेशात झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित प्रसूतीसाठी एक चेकलिस्ट तयार केली आहे. दाखल होताना, बाळ बाहेर येण्याआधी, जन्मल्यावर तासाभरात आणि डिस्चार्जपूर्वी, अशा चार टप्प्यांवर ती भरायची असते. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांमधल्या १२० केंद्रांवर हा अभ्यास झाला. निम्म्या केंद्रांमध्ये चेकलिस्ट देण्यात आली आणि ती वापरण्यासाठी आठ महिने प्रशिक्षकांची साथही.

२०१७ मध्ये निष्कर्ष आले. दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा चेकलिस्टच्या केंद्रांत ७२.८ टक्के आवश्यक गोष्टी केल्या जात होत्या, तर इतर केंद्रांत ४१.७ टक्के. म्हणजे कामाची पद्धत सुधारली. पण माता आणि बाळांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांत लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय प्रशिक्षकांची साथ संपल्यावर, वर्षभरानंतर, ७२.८ चं प्रमाण ६१.७ टक्क्यांवर आलं.

याचा अर्थ निकष निरुपयोगी आहेत असा होत नाही. मात्र निकष कागदावर उतरवणं हे काम अर्धंच आहे, हे यातून दिसतं. उरलेल्या अर्ध्यात पुरेसं मनुष्यबळ, हाताला सवय होईल इतका सराव, चालू असलेली साधनं आणि गुंतागुंत झाल्यावर बाळाला स्वीकारणारं मोठं रुग्णालय येतं.

बाळाला तासभर छातीवर ठेवायचं असेल, तर त्या तासात कुणीतरी त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं. एकाच सिस्टरकडे दोन-तीन प्रसूती, वॉर्ड आणि रजिस्टरं असतील, तर बाळ पुसून वॉर्मरखाली ठेवणं आणि पुढच्या टेबलाकडे जाणं हाच तिच्यासमोरचा मार्ग उरतो. दुसरी अडचण बदल्यांची. प्रसूतीचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सला काही महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात पाठवलं, तर तिने शिकलेलं सरावाअभावी विसरलं जातं. म्हणूनच नव्या मिडवाइफना दुसरीकडे न पाठवता प्रसूतीच्याच कामावर ठेवावं, यावर २०१८ च्या धोरणाचा भर आहे.

या गुंतवणुकीतून काय मिळेल, याचा अंदाज २०२१ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या एका अभ्यासाने मांडला. ८८ देशांत सर्वांपर्यंत मिडवाइफची पूर्ण सेवा पोहोचली, तर ६४ टक्के नवजात मृत्यू टाळता येऊ शकतात, असं त्यात म्हटलं आहे.

कुटुंबाने काय विचारावं?

लेबर रूमचं दार बंद झाल्यावर बाहेर उभ्या असलेल्या घरच्यांना आत काय चाललंय ते कळत नाही. पण काही प्रश्न प्रसूतीआधीच, नाव नोंदवताना विचारता येतात.

- बाळाला जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवता का? सिझेरियन झालं तरी?
- बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी प्रत्येक प्रसूतीला, रात्रीच्या पाळीतही, हजर असतं का?
- 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि जन्माच्या लसी इथेच मिळतात का?
- प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत थांबू शकते का?
- बाळाची तब्येत बिघडली तर त्याला कुठे पाठवता आणि गाडी कोण देतं?

२०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि ने-आण मोफत आहे. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. महाराष्ट्रात तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते, तर गरोदर महिला आणि बाळांच्या ने-आणीसाठी १०२ ही सेवा आहे.

घरच्यांच्याही हातात काही गोष्टी आहेत. बाळ जन्मल्याची बातमी आल्यावर 'आधी बाळ दाखवा' असा आग्रह न धरणं ही त्यातली सर्वांत सोपी. त्या वेळी बाळ आईच्या छातीवर असेल, तर ते योग्य ठिकाणीच आहे. तासाभराने भेटलं तरी चालतं.